बामीबायचा घसा

माझं लग्न दोनदा लागलं. दोन्ही वेळा एकाच बाईशी. पहिल्यांदा कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, रीतसर, बोहल्यावर. दुसऱ्यांदा नेरुळच्या एका एसी हॉलमध्ये, आणि त्या वेळी मी ताकाच्या पिंपामागे वाकून बसलो होतो. हे दुसरं लग्न जिने लावलं ती बामीबाय. शिरवणे गावात तिला न ओळखणारा माणूस म्हणजे कालच सामान उतरवलेला भाडेकरू. एके काळी तो मी होतो.

तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी लागली आणि मी सुमनला घेऊन बामीबायच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आलो. घर चार मजली. जिथे तिच्या सासऱ्याचं भात पिकायचं तिथे आता सेक्टर पिकले होते, आणि त्या बदल्यात जे मिळालं त्यातून मुलाने, दिलीपशेठने, हे घर उठवलं होतं. पहिल्याच रविवारी सकाळी खिडकीखाली लाउडस्पीकर सुरू झाला. गल्लीत मांडव, आणि एक म्हातारी माइकवर एकसुरात काहीतरी गातेय, थांबायचं नाव नाही. मी साताऱ्याच्या ताठ्यात खाली उतरलो. म्हातारीसमोर उभा राहून म्हणालो, "बाई, जरा हळू. इथे भटजी कोण आहेत? मी त्यांच्याशीच बोलतो."

मांडव गप्प झाला. म्हातारीने माइक तोंडाशीच ठेवला, त्यामुळे पुढचं वाक्य अख्ख्या गावाने ऐकलं.

"भटजी मीच हाय. बोल."

हशा इतका झाला की नवरीसुद्धा मुंडावळ्या सावरत हसली. शिक्षा म्हणून मला अक्षतांची पाटी धरून उभं केलं. लग्न लागेपर्यंत मी पाटी धरून होतो आणि जेवताना लोक माझ्याकडे बोट दाखवत होते. त्या दिवसापासून मी बामीबायसाठी 'साताऱ्या' झालो, तो शेवटपर्यंत.

आगरी लोकांत लग्न लावायचा मान धवलारणीचा. ही बाईच असते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवला. जुन्या काळी भट नसला तरी चालायचं, धवलारीण नसली तर वरात दारातून हलायची नाही. आता भटजी येतात, त्यांच्यामागून डीजे येतो, आणि या दोघांच्या मध्ये जागा उरली तर धवलारीण. बामीबायने गावातल्या निम्म्या घरांची लग्नं लावलेली. तरुणपणीच नवरा गेला तरी तिचा मान कमी झाला नाही. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि मांडवात सगळ्यांच्या पुढे तीच. गावाला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

ती दिवसभर दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली असे आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायची हिंमत नगरसेवकालाही नव्हती. मे महिन्यातही गळ्याला मफलर. पंख्याखाली बसायचं नाही, आइस्क्रीम खायचं नाही, फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. सॅकरीनच्या एका जुन्या डबीत खडीसाखर आणि काळी मिरी. घशाची एवढी काळजी मी मोठमोठ्या गवयांनाही घेताना पाहिलेली नाही. एवढं सांभाळून दुपारच्या मालिकेतल्या नायिकेवर मात्र ती तो घसा मोकळा सोडत असे.

"आगं बोल की! तोंड हाय ना तुना? सासू बोलते, नवरा बोलते, तू निस्ती डोले मोठं करून बगतंस!"

एकदा आमच्या कारखान्यात महिला दिनाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. मी गच्चीवर सराव करत होतो. कोपऱ्यात बामीबाय सुका जवळा पसरत होती. मी हात वर करून म्हणालो, "स्त्रियांनी पौरोहित्य हाती घेण्याची वेळ आता आली आहे!" तिने मान वर केली नाही. जवळ्यातला खडा वेचून फेकला आणि शांतपणे विचारलं, "आयली? मंग गेली कवा होती?" मी भाषणातून ते वाक्य काढलं. त्याच्या जागी घातलेलं वाक्य आणखी वाईट होतं, पण ते ऐकायला ती नव्हती.

या बाईची एक सवय होती आणि त्या सवयीमुळे गावातल्या प्रत्येक वधुपित्याचा रक्तदाब वाढत असे. लग्न लागायच्या आधीच्या धवल्यात एक जागा यायची. तिथे ती गाणं थांबवायची, नवरीचं मनगट वैद्यासारखं धरायची, तिच्या कानाशी वाकायची आणि विचारायची, "तुजा मन हाय का गो?"

एवढंच. पोरगी मान हलवायची, बामीबाय सरळ व्हायची आणि पुढचा धवला उचलायची. पण मान हलेपर्यंतचा तो वेळ! मांडवात भांडं पडलं तरी माणसं दचकायची. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, रीत असेल. नंतर कळलं, रीतबीत काही नाही. आधीच्या धवलारणी काही विचारत नसत. हे बामीबायचं स्वतःचं.

आणि ते नुसतं दाखवण्यापुरतंही नव्हतं. जवळच्या एका गावात एका पोरीने मान हलवली नाही. खाली बघून उभी राहिली. बामीबायने पुन्हा विचारलं. पोरगी गप्प. मग बामीबाय सरळ झाली, मफलर घट्ट केला, खुर्ची मागवून बसली आणि म्हणाली, "माजा घसा बसला."

पाणी आणलं, प्यायली. चहा आणला, तोही प्यायली. मुलीचा बाप पाया पडला. तिने त्याला आशीर्वाद दिला, पण गायली नाही. त्या दिवशी भटजी बोलावलेलेच नव्हते, त्यामुळे तिच्यावाचून लग्न पुढे सरकेना. अखेर पोरीची आई पोरीला आत घेऊन गेली, आणि बाहेर आली ती एकटीच. लग्न मोडलं. पोरीला शिकायचं होतं, हे तिने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. "जेवन मातर सगल्यांनी जेवला," बामीबाय मला सांगायची. "नवऱ्याचा बाप तं दोनदा बसला पंगतीला." त्या नवरदेवाचं लग्न पुढच्याच वर्षी दुसरीकडे झालं आणि ते लावायलाही बामीबायच होती. पण तेव्हापासून आसपासच्या गावांत 'बामीबायचा घसा बसला' ही म्हणच झाली. ठरलेलं काही फिसकटलं की लोक एवढंच म्हणत आणि समोरच्याला कळत असे.

मी एकदा तिला विचारलं, "बामीबाय, ही विचारायची खोड तुम्हाला कुठून लागली?"

ती वाल सोलत होती. "मना कोनी इचारला नाय," ती म्हणाली. "येवरीशी होती मी. धवलारीन गायली, लोक जेवली, मी हितं आली."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता?"

तिच्या हातातला वाल तसाच राहिला. मला वाटलं, आगाऊपणा झाला, आता ही पाय खाली घेणार आणि मला हाकलणार. पण ती खरंच विचार करत होती.

"मालूम नाय रे," शेवटी ती म्हणाली. "इचारला असता तं समजला असता."

तिची नात प्राची बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी करायची, आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा तिनेच पसंत केलेला, उरणकडच्या एका आगरी घरातला, इंजिनीअर. घर नव्याने श्रीमंत झालेलं. त्या घरात मुलाचे काका बोलत आणि बाकीचे मान डोलावत. दिलीपशेठ हरखून गेला होता. हॉल, फुलं, हळदीचा डीजे, सगळं एकदम टॉप. आणि बामीबायच्या जिवाला घोर लागला.

आम्हाला वाटलं, तिला आनंदाने झोप येत नाही. पण एका संध्याकाळी तिने सुमनला जवळ बसवून घेतलं. त्या दुसऱ्या खुर्चीवर! मी जिन्यात थबकलो.

"दुसऱ्याच्या पोरीला इचारना सोपा हाय," बामीबाय म्हणत होती. "आपलीला इचारायचा म्हंजे पोटात गोला येते. चुप ऱ्हायली तं? दिलीप मरंल तिथंच."

"प्राचीने स्वतः पसंत केलाय मुलगा," सुमन म्हणाली.

"मुलगा पसंत केला. ते घर कोनी पसंत केला?"

"मग विचारू नका तिला. एकदा नाही विचारलं तर काय होतंय?"

बामीबाय तिच्याकडे बघत राहिली. "आख्ख्या गावाच्या पोरींना इचारला," ती म्हणाली, "आनि नातीच्या येली घसा बसवू?"

तिचा घसा तसाही बसत चालला होता. वरच्या पट्टीत आवाज फाटायचा, डॉक्टरने गाणं बंद सांगितलं होतं. ती खडीसाखर दुप्पट खाऊ लागली आणि बोलणं निम्म्यावर आणलं. उरलेला आवाज ती नातीच्या लग्नासाठी जपून ठेवत होती. तिला एकच गोष्ट हवी होती. प्राचीच्या मांडवात उभं राहायचं, तिला विचारायचं, आणि ती हो म्हणाली तर तिचा धवला स्वतः गायचा.

इथे माझी एंट्री होते, आणि माझी एंट्री झाली की काहीतरी बिघडतं हे आमच्याकडे सर्वमान्य आहे. मी नुकताच रिटायर झालो होतो. रिटायर माणसाला एक तर गुडघे सुचतात नाही तर संस्कृती. मला संस्कृती सुचली. ठरवलं की हा आवाज जाण्याआधी जतन करायचा. एक माइक आणला, मोबाइलला जोडला आणि बामीबायच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर म्हणालो, "हं, गा."

"कोनाचा लगीन हाय?"

"कुणाचं नाही. नुसतं रेकॉर्डिंग."

"नाव नाय तं धवला नाय. देवाचा नाव, गावाचा नाव, नवऱ्याचा, नवरीचा. नाव नसला तं गाना कोनाच्या दारी जाईल? पोस्टमनसारका फिरंल निस्ता."

मी म्हटलं, घाला माझंच नाव. सदाशिव आणि सुमन. ती खूश झाली. "बरा झाला. तुमचा लगीन कोनी लावला होता देव जाने." आणि ती गायली. आधी सगळे देव, मग गाव, शीव, खाडी, आणि मग ती ओळ:

*सदाशिवाच्या दारी गो मांडव सजला,*
*सुमनबायच्या हाती गो हिरवा चुरा भरला.*

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग ती जागा आली आणि ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं. सुमन बाजारात गेली होती.

"हितं इचारायचा असते," ती म्हणाली. "ती नाय हितं. ऱ्हावू दे." तिने ती जागा रिकामी सोडली, चांगली लांब, आणि मग पुढचा धवला उचलला.

मी ते रेकॉर्डिंग अभिमानाने दिलीपशेठला पाठवलं. पाठवण्याआधी पहिले देव तेवढे ऐकले. पूर्ण ऐकावं, तिचे ते दोनचार शब्द कापावेत, एवढी शिस्त माझ्यात असती तर कारखान्यात माझं प्रमोशन झालं असतं. दिलीपशेठ तासाभरात धापा टाकत वर आला आणि त्याने मला मिठी मारली.

"सातारकर, तुमी माझा टेन्शन मिटवला!"

मी म्हटलं, "कसलं टेन्शन?"

तो कॉटवर बसला. काकांचं म्हणणं आलं होतं, मांडवात पुढे विधवा बाई नको. शुभकार्य आहे, चार मोठी माणसं येणार. दिलीपशेठने सांगून पाहिलं की आमच्यात असंच असतं, काका म्हणाले, असायचं, आता आपण सुधारलो. "आनि खरं सांगू का?" दिलीपशेठ आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना घशाचीबी भीती हाय. ऐकून हायेत ते. पन धवला पायजेल त्यांना, शूटिंगमध्ये चांगला वाटते. आता तुमचा रेकॉर्डिंग लावू. आवाज चालते त्यांना. बाई चालत नाय."

"बामीबायला सांगितलंत?"

तो उठला. "तुमी सांगा ना. तुमचा ऐकते ती."

माझं ती कधीही ऐकत नव्हती. मला साताऱ्या म्हणत होती. मी सुमनकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती, सुरी जरा जोरात चालत होती.

"रेकॉर्डिंग तुम्ही दिलंत ना?" ती म्हणाली. "मग तुम्हीच जा."

गेलो. रोज गेलो. पहिल्या दिवशी बामीबाय लग्नात नेसायच्या लुगड्याला इस्त्री करून घेत होती. मी हवापाण्यावर बोललो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी तिने मला सुकट दिली. पुढे कधी तरी धीर करून म्हणालो, "बामीबाय, लग्नात तुम्ही गाणार म्हणजे..." तर तिने ओठांवर बोट ठेवलं, घशाकडे दाखवलं आणि डबीतून एक खडीसाखर मलाच दिली. ती चघळत जिना चढताना मला दरदरून घाम फुटला होता. सुमनने दारातच विचारलं, "सांगितलंत?" माझ्या तोंडात साखर होती. उत्तर देता आलं नाही, हे बरं झालं.

लग्नाच्या दिवशी दिलीपशेठने आईला हॉलमध्ये मागच्या रांगेत नेऊन बसवलं. "पुढं एसी हाय बय, घसा धरंल." ती बसली. मफलर, इस्त्रीचं लुगडं, मांडीवर खडीसाखरेची डबी. तिला काही माहीत होतं की नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना. मी स्टेजपासून लांब, जेवणाच्या बाजूला उभा होतो. अंतरपाट धरला. तरुण भटजींनी मान हलवली, काकांनी खूण केली आणि स्पीकरमधून बामीबायचा आवाज आला.

मी आधी तिच्याकडेच पाहिलं. तिने डबी उघडली होती. झाकण हातात तसंच राहिलं. तिने स्पीकरकडे पाहिलं, मग स्टेजवर उभ्या असलेल्या मुलाकडे. दिलीपशेठ फुलांच्या माळा सारख्या करू लागला. त्या आधीच सारख्या होत्या.

देव झाले. गाव झालं. शीव झाली. खाडी आली. आता काय येणार आहे ते मला आठवलं. मी डीजेकडे धावायला हवं होतं. मी ताकाच्या पिंपामागे गेलो.

*सदाशिवाच्या दारी गो मांडव सजला...*

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग शिरवण्याच्या बायकांमध्ये एक हसू फुटलं आणि हॉलभर पसरलं. "ताकाच्या मागं बसलाय बगा नवरा!" कुणीतरी ओरडलं. सुमन तिसऱ्या रांगेत होती. तिने मागे वळून माझ्याकडे जसं पाहिलं तसं पहिल्या लग्नातही पाहिलं नव्हतं. काका डीजेवर खेकसले, "बंद कर रे!" तो बिचारा बटणं दाबायला लागला, आणि त्याच वेळी गाणं आपोआप थांबलं.

ती जागा आली होती. स्पीकरमधली बामीबाय म्हणाली, "हितं इचारायचा असते. ती नाय हितं. ऱ्हावू दे," आणि पुढे नुसती रिकामी जागा.

डीजेला वाटलं बंद झालं. काकांना वाटलं बंद झालं. पण शिरवण्याच्या माणसांना ती जागा माहीत होती. हसू विझलं. एकेक बाई वळून मागच्या रांगेकडे बघू लागली. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त एसीची घरघर.

अंतरपाटाआडून प्राचीचा आवाज आला. "बय कुठाय?"

दिलीपशेठने पुन्हा फुलांना हात घातला.

"पपा, बय कुठाय? मला विचारायचं राहिलंय."

"मुहूर्त टळतोय," काका म्हणाले.

भटजींनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "विचारू द्या," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

तेवढ्यात स्पीकरमधून पुढचा धवला सुरू झाला. दिलीपशेठने स्टेजवरून खाली उडी मारली आणि वायर उपटली. मग तो मधल्या वाटेने मागे गेला, आईसमोर उभा राहिला. बामीबायने डबीचं झाकण लावलं, ती त्याच्या हातात दिली आणि उठली.

ती चालत गेली तेवढा वेळ मला माझ्या स्वतःच्या सगळ्या चुका आठवल्या, आणि तरी वेळ उरला. स्टेजवर काका वाटेत आडवे उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दारातल्या ओल्या लुगड्याला वळसा घालावा तसा वळसा घातला. प्राचीचं मनगट धरलं. वाकली. विचारलं.

प्राचीने मान हलवली नाही.

ती आजीच्या कानात बोलू लागली. बोलतच राहिली. दिलीपशेठ माझ्या बाजूला येऊन पिंपाला टेकला होता. त्याने माझा हात धरला, मी त्याचा. त्याच्या दुसऱ्या हातात ती डबी होती आणि आतली खडीसाखर खुळखुळत होती. "घसा बसला," तो पुटपुटला. "आता बसला बग."

बामीबाय सरळ झाली. मग तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. अंतरपाट हाताने बाजूला सारला आणि नवरदेवाचं मनगट धरलं. त्याच्या कानाशी वाकायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या. तो गोंधळला. काकांकडे बघायला लागला.

"तिकरं नको बगू," ती म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. "तुना इचारताव. पोरीनं सांगितलाय, यालापन इचार."

पोरगा लाल झाला. मग म्हणाला, "आहे. माझं मन आहे." आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा, जरा मोठ्याने, "मी विचारूनच आलोय. मलाच."

प्राची हसली. मग तिने मान हलवली.

बामीबायने धवला उचलला. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीत नुसती हवा आली. तिने छातीवर हात ठेवून पुन्हा घेतला, आणि प्राचीचं नाव मात्र स्वच्छ, खणखणीत उमटलं. पुढची ओळ शिरवण्याच्या बायकांनी जागेवरून उचलली. ती ओठ हलवत राहिली.

तो तिचा शेवटचा धवला. त्यानंतर आवाज गेला तो गेलाच, उरली ती नुसती कुजबुज. मला वाटलं, आता खुर्चीवरून उठणार नाही. पण पुढच्याच लगीनसराईत दारात रिक्षा उभी. धवले गायला दुसऱ्या बायका तयार झाल्या होत्या, एक जण तर मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग लावून शिकली. (त्यामुळे शिरवण्यात अधूनमधून आमचं लग्न लागतच असतं.) पण त्या एका जागेला बामीबायच हवी, असं आता पोरीच सांगून ठेवत. मी म्हटलं, "आवाज नाही तर कशाला दगदग?" तिने मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "गायला घसा लागते साताऱ्या. इचारायला कान लागते." उरणकडच्या काकांच्या घरच्या पुढच्या लग्नाचं बोलावणं मात्र तिला आलं नाही. तिने वाट पाहिली होती, हे मला डबीत भरून ठेवलेल्या नव्या खडीसाखरेवरून कळलं.

खांदेश्वरला आम्ही बुक केलेला, वर्षानुवर्षं रखडलेला फ्लॅट शेवटी ताब्यात आला. टेम्पोत सामान चढलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, सुमन चढणार एवढ्यात बामीबाय खुर्चीवरून उठली. काठी टेकत आली. सुमनचं मनगट धरलं.

"अर्धाच लगीन लागलाय तुमचा," ती कुजबुजली. "इचारायचा ऱ्हायलाय."

मी हसलो. ड्रायव्हरही हसला. ती सुमनच्या कानाशी वाकली. मी वाट बघत होतो की आता सुमन मान हलवेल आणि आपण निघू. सुमनने मान हलवली नाही. ती बामीबायच्या कानाशी वाकली आणि बोलू लागली. मी काच खाली केली. काही ऐकू आलं नाही. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलेलं. मी म्हटलं बंद कर, त्याने केलं, तरी ऐकू येईना. बोलणं संपेना. घरातला फ्रिज, कपाट, देव, सगळं मागे दोरीने बांधलेलं, आणि मी पुढे घाम पुसतोय. मग दोघी एकदम हसल्या. बामीबायला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खांदे हलले.

टेम्पो सुटला. आरशात ती दिसत होती. खुर्चीवर बसली, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले, मफलरचं टोक तोंडावर धरलं. वळण येईपर्यंत खांदे हलतच होते. मी तिला पाहिलं ते शेवटचं. पावसाळा संपता संपता ती गेल्याचा दिलीपशेठचा फोन आला.

त्या दिवशी टेम्पोत मी खारघर येईपर्यंत धीर धरला. मग विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

सुमन बाहेर बघत होती.

"विचारलं तेव्हा समजलं," ती म्हणाली.

"काय समजलं?"

तिने पर्समधून एक खडीसाखर काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा. घसा बसलाय तुमचा."